पाहुणा म्हणून किती दिवस?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वर्गात मुलं तोंड उघडत नाहीत. जपानी शिक्षिका तुझ्याकडून फक्त धडा मोठ्याने वाचून घेते. शिक्षकखोलीत सगळे हसून मान लववतात आणि परत आपापल्या कागदांत डोकं घालतात. आणि सगळ्यात जास्त लागलंय ते हे, की कुणी वाईटही वागत नाही. भांडायलासुद्धा कुणी नाही! ऑगस्टमध्ये जपानला इंग्रजीचा सहाय्यक शिक्षक म्हणून गेलास, आता नोव्हेंबर. पुढच्या वर्षाच्या कराराचं विचारतील तेव्हा नाही म्हणू का, असं मला विचारतोयस.

ते मी सांगणार नाही. पण पत्रात एक वाक्य तू अगदी सहज लिहून गेलायस: साफसफाईच्या वेळी मला बसून राहायला सांगतात, तेवढा वेळ तरी फोन बघता येतो. ते वाचून माझं डोकं फिरलं. अरे, तुझं दुखणं तिथेच आहे. तू पाहुणा होऊन बसलायस, आणि पाहुण्याला घरातलं कुणी काही सांगत नाही.

मी तिथे शिकवायला होते तेव्हा मलाही पहिल्याच आठवड्यात उपमुख्याध्यापक ‘आपण बसा’ म्हणाले होते. मी बसले नाही. तिथे रोज मुलं शाळा झाडतात, पुसतात, आणि शिक्षकही त्यांच्यात असतात. काही आठवड्यांनी एकदा मी फडकं बादलीत बुडवलं आणि पिळलं. माझ्या तासाला मान खाली घालून बसणारी एक मुलगी थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग तिला राहवेना. तिने फडकं माझ्या हातातून काढून घेतलं. फडकं आडवं नाही, उभं धरून पिळायचं, एक मूठ वर आणि एक खाली, असं त्या मुलांना लहानपणीच शिकवलेलं असतं. ‘नो, नो. लाइक दिस,’ ती म्हणाली, आणि माझी कोपरं आत ढकलून माझ्याकडून करून घेतलं. कितीतरी आठवडे मी तिच्याकडून एक शब्द काढायला धडपडत होते! इथे तिला येत होतं आणि मला येत नव्हतं, म्हणून ती बोलली. वर्गात याच्या उलट असतं. अडखळणार ती आणि बघणार सगळा वर्ग. गप्प बसेल नाहीतर काय करेल?

त्या शांततेचा तू फार बाऊ केलायस. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त आणि लांब उत्तरं देतात, हे मेरी बड रो या शिक्षण-संशोधिकेने १९७०च्या दशकातच दाखवलं होतं, तेही अमेरिकेतल्या वर्गांत. तुझ्या वर्गात त्याहून जास्त थांब. आधी शेजाऱ्याशी बोलू दे, जपानीत बोलले तरी चालेल, मग उत्तर माग. शांतता सहन होत नाही म्हणून स्वतःच उत्तर देऊन टाकायचं, वर एखादा विनोद करायचा, हे पाहुण्याचं काम. पाहुण्याला सारखी करमणूक करावीशी वाटते.

आता ती शिक्षिका. तुला टेपरेकॉर्डर करून टाकलंय म्हणतोस. तिचा दिवस कधी बघितलायस? तिचा स्वतःचा एक वर्ग असतो, त्या मुलांच्या पालकांचे फोन असतात, शाळा सुटल्यावर टेनिस नाहीतर ब्रास बँडचा क्लब असतो, तो पुष्कळदा शनिवारीही. शिवाय हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षेसाठी पुस्तक वेळेत संपवायचं असतं. तिला तुझ्याशी ‘अध्यापनपद्धतीवर चर्चा’ करायला वेळ नाही रे! त्याच पानावरचा, त्याच व्याकरणाचा दहा मिनिटांचा एक खेळ तयार करून तिच्या टेबलावर ठेव. आवडला तर ती घेईल, नाही आवडला तर दुसरा ठेव. माझे कितीतरी कागद तिथेच पडून राहिले.

आणि हे लवकर कर. सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या बदल्या मार्चअखेर जाहीर होतात, यादी वर्तमानपत्रात छापून येते आणि एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू होतं. ज्या बाईंबरोबर मी शेवटी खऱ्या अर्थाने दोघींनी मिळून शिकवायला लागले होते, त्यांचं नाव अशाच एका यादीत होतं. त्या गेल्या आणि मला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. ती खंत अजून आहे. माझ्याबरोबरचे काही परदेशी शिक्षक म्हणायचे, बघ, म्हणूनच जीव लावू नये. मला ते तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही.

त्याच मंडळींचं एक पालुपद तुझ्याही कानावर आलं असेल. १९८७ साली जेट योजना (परदेशी तरुणांना जपानी शाळांत भाषा शिकवायला नेणारी सरकारी योजना) सुरू झाली, आणि तिथल्या शिक्षकांत केव्हापासून तरी हे चालत आलंय: प्रत्येकाची परिस्थिती वेगळी. खरंच आहे ते. पण मी बहुतेक वेळा ते हात झटकताना ऐकलंय. मी फडकं हातात घेतलं तर म्हणाले, तू आमचा भाव पाडतेस, करारात साफसफाई नाही. नसू दे! मी काही राबराब राबले नाही. वेळ झाली की सगळ्यांना ‘ओसाकिनी शित्सुरेई शिमासु’ (तुमच्याआधी निघते, माफ करा) म्हणून निघत होते, जी भरपगारी रजा होती ती संपवत होते. एकदा घरभाड्याची रक्कम पगारातून जास्त कापली गेली, तेव्हा पावती घेऊन शिक्षण मंडळाच्या ऑफिसात गेले आणि पैसे परत मिळेपर्यंत जात राहिले. ते नाराज झाले असतील, होऊ देत. पाहुण्याला तक्रार करता येत नाही, नोकरी करणाऱ्याला येते. तुझ्या पत्रात खोलीतल्या थंडीबद्दल पानभर आहे. ऑफिसात कुणाला सांगितलंस का?

तू तिथे बोलावून नेलेला सोहळ्याचा माणूस नाहीस. तुझं शिक्षण बारा वर्षं इंग्रजीतून झाल्याचे दाखले जमवलेस, शिक्षकाचा व्हिसा काढलास, घर मिळाल्यावर चौदा दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवलास. तुझ्या पगारातून पेन्शनचा हप्ता कापला जातो. पाहुण्याकडून कुणी पेन्शन कापतं का? हे सगळं तू एकट्याने, घरच्यांचा विरोध असताना केलंस, आणि मला त्याचा अभिमान आहे. म्हणूनच फोन बघत बसलायस याचा इतका राग येतो.

(उच्चारांची काळजी करतोस ती मी मुद्दाम मध्ये आणली नाही. तिथे पाचवी-सहावीला इंग्रजी २०२० पासून रीतसर विषय झालाय. त्या मुलांना स्वतः दुसरी भाषा शिकून मोठा झालेला माणूस समोर दिसणं चांगलंच.)

दुपारचं जेवण कुठे करतोस ते लिहिलं नाहीस. टेबलाशी एकटाच बसत असशील तर ते बंद कर. पांढरे एप्रन आणि टोप्या घालून मुलं वाढतात त्या वर्गात ताट घेऊन जा. कुणी बोलणार नाही कदाचित. जेव आणि ताट त्यांच्यासारखंच जागेवर नेऊन ठेव.

करारावर सही करायची की नाही, ते जानेवारीत बोलू. सोमवारी साफसफाईची घंटा झाली की आधी फडकं कुठे ठेवतात ते एखाद्या मुलाला विचार, आणि तो काय म्हणाला ते मला कळव. बाकीचं रडगाणं नको.

तुझी,
मॅडम