मिथिल उतरवणं म्हणजे दुरुस्ती का?

प्रश्न असा आला आहे: विकरं (एन्झाइम, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून स्वतः जशीच्या तशी राहणारी प्रथिनं) डीएनएवरचा मिथिल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन) काढतात, त्याला 'डीएनएची दुरुस्ती' म्हणायचं की 'विमिथिलीकरण'?

माझ्या मते मिथिल कुठे चिकटला होता ते आधी पाहावं. डीएनएची चार अक्षरं, म्हणजे बेस, असतात; ग्वानिन, सायटोसिन आणि थायमिन ही त्यांतली तीन. ग्वानिनच्या सहाव्या जागेवरच्या ऑक्सिजनला तो चिकटला, तर ती सरळ इजा आहे. असं ग्वानिन डीएनएची प्रत निघताना सायटोसिनऐवजी थायमिनशी जोडी जमवतं आणि चूक पुढच्या पेशींत उतरते. एमजीएमटी नावाचं प्रथिन तो मिथिल उचलून स्वतःच्या अंगावर घेतं आणि कायमचं निकामी होतं. (काम करून पुन्हा मोकळं होत नाही, म्हणून त्याला विकर म्हणताना काटेकोर माणसं अडखळतात.) इथे 'दुरुस्ती' हाच शब्द.

सायटोसिनच्या पाचव्या कार्बनवरचा मिथिल मात्र पेशीनं मुद्दाम केलेली खूण असते. जनुक गप्प ठेवायला ती बऱ्याचदा कामी येते. ती काढली तर बिघडलेलं काही नीट होत नाही, जनुकाचं नियमन बदलतं. तिथे 'विमिथिलीकरण' म्हणावं. गोंधळ होतो तो पद्धतीमुळे. टेट विकरं या मिथिलचं टप्प्याटप्प्यानं ऑक्सिडीकरण करतात, मग टीडीजी हे विकर तो अख्खा बेसच कापून काढतं आणि रिकाम्या जागी साधं सायटोसिन बसतं. म्हणजे हत्यारं दुरुस्तीचीच, काम वेगळं.

या कापून-भरण्याला मला 'रफू' हा शब्द फार आवडतो. असंच रफू दुसरीकडेही होतं: सायटोसिन आपसूक बिघडून त्याचं युरॅसिल, म्हणजे डीएनएत नको असलेला बेस, होतं. ते खुडून काढणारं विकर टोमास लिंडाल यांनी 1974 मध्ये दाखवलं. 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी. युरॅसिल गेल्यावर समोरच्या धाग्यातलं ग्वानिन बघून नेमकं सायटोसिन विणलं जातं, ठिगळ दिसतसुद्धा नाही. 'डागडुजी' इथे नको, तिच्यात तात्पुरतेपणाचा वास आहे.

'मिथिलीकरण' व्याकरणाला थोडं खटकतं. शुद्ध नव्हतं ते शुद्ध केलं की शुद्धीकरण. डीएनए काही मिथिल होत नाही, त्याला मिथिल जोडला जातो. पण 'विद्युतीकरण' आपण पचवलंच आहे, तेव्हा लिहिताना खुशाल वापरावं. बोलताना मी 'मिथिल चढवणं' आणि 'मिथिल उतरवणं' म्हणते.