उपाज्ञा, उपवर्ग आणि ‘उप’ची दोन नाती

विचारणा अशी आहे : कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टंकून, चालणाऱ्या आज्ञावलीत सबकमांड (मुख्य आज्ञेच्या पोटातल्या आज्ञा) कशा रचाव्यात हे मराठीत समजावून सांगताना ‘सबकमांड’साठी ‘उपआज्ञा’ आणि ‘सबक्लास’साठी, म्हणजे एका वर्गापासून (क्लास, प्रोग्रॅममधल्या वस्तूंचा साचा) तयार केलेल्या दुसऱ्या वर्गासाठी, ‘उपवर्ग’ हे शब्द घेतले, तर ‘प्रत्येक उपआज्ञा ही मूळ आज्ञेचा उपवर्ग असते’ असे वाक्य तयार होते. ते बरोबर आहे का, आणि नसल्यास कोणते शब्द योजावेत?

दोन्ही शब्द आपापल्या जागी ठीक आहेत. वाक्य मात्र चुकीचे आहे, आणि ती चूक ‘उप’ या उपसर्गामुळे सहज नजरेआड होते. मराठीत ‘उप’ निदान दोन निराळी नाती दाखवतो. उपनदी मुख्य नदीला येऊन मिळते, उपनगर शहराला लागून असते, उपसंपादक संपादकाच्या हाताखाली काम करतो. या शब्दांत ‘उप’ म्हणजे जोडलेला किंवा अधीन, त्यामुळे उपसंपादक हा संपादकाचा एक प्रकार आहे असे कोणी म्हणत नाही. ‘उपप्रकार’ किंवा प्राणिशास्त्रातली ‘उपजाती’ यांचे तसे नाही. वाघाची कोणतीही उपजाती घेतली, तरी तिच्यातला प्राणी वाघच असतो. सबकमांडमधला ‘उप’ पहिल्या नात्याचा आहे आणि सबक्लासमधला दुसऱ्या.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 साली तयार केलेल्या गिट या, फाइलींतले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाचे उदाहरण घेऊ. ‘गिट कमिट’ या आज्ञेतील ‘कमिट’ हा गिटचा प्रकार नव्हे, तर गिटने करून घ्यायचे एक काम आहे. ‘गिट रिमोट ॲड’मध्ये ‘रिमोट’ ही गिटची उपाज्ञा आहे आणि ‘ॲड’ ही रिमोटची. म्हणजे एखादी आज्ञा ‘उप’ आहे की नाही, हे ती कोणाच्या पोटात बसली आहे यावरून ठरते.

वर्गांचे नाते याहून वेगळे असते, आणि जँगो या पायथॉन भाषेतील, संकेतस्थळे बनवण्याच्या चौकटीत (फ्रेमवर्कमध्ये) ते स्वच्छ दिसते. तेथे नवी आज्ञा लिहायची असेल तर ‘बेसकमांड’ या वर्गापासून आपला वर्ग तयार करावा लागतो. त्या वर्गाचे नाव नेहमी ‘कमांड’ असेच ठेवायचे असते आणि आज्ञेचे नाव ठरते ते फाइलीच्या नावावरून. आज्ञेने प्रत्यक्ष करायचे काम ‘हँडल’ या मेथडमध्ये (वर्गाच्या आत लिहिलेल्या कृतीत) लिहायचे. ती लिहिली नाही, तर बेसकमांडमधली ‘हँडल’ चालते आणि ‘नॉटइम्प्लिमेंटेडएरर’ (हे काम लिहिलेलेच नाही, अशी चूक) देऊन थांबते. संदेश किती तपशीलवार दाखवावेत, कोणती सेटिंग्ज घ्यावीत असे समाईक पर्याय बेसकमांडकडूनच प्रत्येक आज्ञेला मिळतात. येथे लक्षात घ्यायचे ते हे की बेसकमांड ही मुख्य आज्ञा नाही. वापरणारा ‘मॅनेज डॉट पीवाय’ या मुख्य आज्ञेला हाक मारतो, ‘मायग्रेट’ ही त्याची उपाज्ञा असते, आणि बेसकमांडचे नाव त्याला टंकावे लागत नाही. विशेष म्हणजे ज्या वर्गाला ‘कमांड’ हे नाव देणे सक्तीचे आहे, त्याच आज्ञेला जँगोचा मदतीचा मजकूर ‘सबकमांड’ म्हणतो. आतून पाहणाऱ्याला ती स्वतंत्र आज्ञा दिसते आणि बाहेरून पाहणाऱ्याला उपाज्ञा, म्हणून दोन्ही नावे योग्यच आहेत.

म्हणून माझी सूचना अशी की या विषयावर लिहिताना ‘उप’ एकाच नात्यासाठी राखून ठेवावा. सबकमांडला ‘उपाज्ञा’ म्हणावे आणि वर्गाच्या बाबतीत ‘आधारवर्ग’ व ‘साधित वर्ग’ ही जोडी वापरावी. ‘मूळ वर्ग’ हा शब्द मी टाळतो, कारण उपाज्ञेशेजारी ‘मूळ’ आले की वाचकाचे मन मुख्य आज्ञेकडे वळते. ‘साधित’ हा शब्द आपल्या व्याकरणातून सर्वांच्या ओळखीचा आहे : ‘बोल’ हा सिद्ध शब्द आणि त्याला प्रत्यय लागून झालेला ‘बोलका’ हा साधित. साधित शब्दात मूळचे असतेच आणि वर काही भर पडलेली असते. साधित वर्गाचेही अगदी तसेच आहे. सी प्लस प्लस या भाषेचे जनक ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनीही सुपरक्लास-सबक्लास ही जोडी सोडून बेस-डिराइव्ह्ड (आधार-साधित) ही जोडी निवडली, कारण ज्याच्यात अधिक सामग्री आहे त्याला ‘सब’ म्हणणे लोकांना गोंधळात पाडते.

लेखनाबद्दल एक गोष्ट. ‘उप’ आणि ‘आज्ञा’ हे दोन्ही तत्सम असल्याने ‘उपायुक्त’, ‘उपाध्यक्ष’, ‘उपाहार’ यांच्याप्रमाणे संधी करून ‘उपाज्ञा’ लिहिणे मला योग्य वाटते. ‘उपाज्ञेला’, ‘उपाज्ञांची’ ही रूपेही अडखळल्याशिवाय होतात. बोलताना मात्र सगळे ‘सबकमांड’च म्हणतात, आणि सहकाऱ्यांसाठी लिहिलेल्या टिपणात तोच शब्द ठेवण्यात काही गैर नाही.

मग विचारलेले वाक्य असे लिहिता येईल : ‘प्रत्येक उपाज्ञेसाठी आज्ञेच्या आधारवर्गापासून एक साधित वर्ग तयार करावा आणि तो मुख्य आज्ञेकडे नोंदवावा.’ यातील ‘नोंदवावा’ हे क्रियापद गाळू नये. वर्ग साधला म्हणजे तो आपोआप उपाज्ञा झाला असे नव्हे. फाइल ठरावीक जागी ठेवून असो किंवा स्पष्ट यादीत नाव घालून असो, मुख्य आज्ञेला त्याचा पत्ता कळावाच लागतो.