कोलोनोस्कोपीचा खर्च : आकडे ताडून कसे पाहावेत आणि तपासणी कोठे करावी?

वाचकांचे आरोग्यप्रश्न

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ५४ आहे. ते अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टेक्स्टाइल कारखान्यात नोकरीला आहेत. गेले तीन महिने त्यांना शौचावाटे अधूनमधून रक्त जाते. मूळव्याध समजून औषधे घेतली, पण गुण आला नाही. आता हिमोग्लोबिन ९.६ आले असून आमच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू करून कोलोनोस्कोपी करून घेण्यास सांगितले आहे. सोलापुरातच तीन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी ४,५०० रुपये सांगितले, भूल वेगळी. दुसरीकडे ७,५०० आणि तिसरीकडे ११,००० रुपये, ‘त्यात सगळे आले’ असे काउंटरवर सांगण्यात आले. तपासणी एकच असताना दरात इतका फरक का? माझे दीर म्हणतात की पुण्यालाच जावे. शेजारचे म्हणतात की सिटी स्कॅन केले तरी भागते. काय करावे?
— एक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, दरांकडे वळण्यापूर्वी तपासणीची गरज स्पष्ट करतो, कारण घरात दोन-तीन मते पडली की नेमका निर्णय लांबतो. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला शौचावाटे रक्त जात असेल आणि त्याच वेळी हिमोग्लोबिनही उतरले असेल, तर मोठे आतडे दुर्बिणीने आतून पाहणे, म्हणजेच कोलोनोस्कोपी, आवश्यकच असते. मूळव्याध असली तरी ते टळत नाही, कारण मूळव्याध आणि आतड्यातील गाठ ही दोन्ही एकाच माणसात असू शकतात आणि पहिलीच्या नावाखाली दुसरी महिनोन्‌महिने झाकली जाते. याचा अर्थ यजमानांना कर्करोगच आहे असा मुळीच नाही. रक्त जाण्यामागे आतड्याची सूज, अल्सर किंवा साधा पॉलिप (अस्तरावर वाढलेला मांसाचा कोंब) असेही कारण असू शकते. मात्र ते कारण डोळ्यांनी पाहूनच ठरवावे लागते. म्हणून दरांची चौकशी चार-आठ दिवसांत आटोपून तारीख घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सिटी स्कॅनने हे काम भागत नाही. आतड्यासाठीच केले जाणारे खास सिटी स्कॅन असते, पण त्यासाठीही पोट साफ करावे लागते, त्यात लॅबच्या तपासणीसाठी अस्तराचा तुकडा काढता येत नाही आणि पॉलिप दिसला तर अखेर कोलोनोस्कोपी करावीच लागते. साध्या सिटी स्कॅनमध्ये तर आतड्याच्या अस्तरावरची लहान गाठ सहज निसटते. शौचातील छुपे रक्त शोधणारी चाचणीही येथे उपयोगाची नाही, कारण रक्त डोळ्यांना दिसतेच आहे.

आता दरांविषयी. तुम्हाला सांगितलेले तिन्ही आकडे खासगी क्षेत्रातील नेहमीच्या दरांपैकीच आहेत, परंतु ते तीन वेगवेगळ्या गोष्टींचे असण्याचा संभव आहे. पहिल्या ठिकाणी सर्वांत आधी विचारावे की ही पूर्ण कोलोनोस्कोपी आहे की सिग्मॉइडोस्कोपी. सिग्मॉइडोस्कोपीत आतड्याचा फक्त खालचा, डावीकडचा भाग पाहतात आणि ती साहजिकच स्वस्त असते. यजमानांचे रक्त कमी झालेले असल्यामुळे उजव्या बाजूचा, म्हणजे लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते तेथपर्यंतचा भाग पाहिल्याशिवाय त्यांची तपासणी पुरी झाली असे म्हणता येणार नाही.

त्यानंतर भूल. काही ठिकाणी डॉक्टर स्वतःच गुंगीचे इंजेक्शन देतात, तर काही ठिकाणी भूलतज्ज्ञ उभे राहतात आणि त्यांची फी निराळी लागते. गुंगीशिवायही तपासणी करता येते आणि काही रुग्ण ती सहन करतात, पण दुखल्यामुळे दुर्बीण अर्ध्यावरूनच बाहेर काढावी लागली, तर वाचवलेले पैसे वाया जातात. रक्त कमी असलेल्या ५४ वर्षांच्या माणसासाठी भूलतज्ज्ञाचे पैसे देणे मला योग्य वाटते. पहिल्या ठिकाणच्या ४,५०० मध्ये ती फी मिळवली की तो आकडा दुसऱ्या आकड्याच्या पुष्कळ जवळ जाईल.

बिल खरे वाढते ते तुकडा आणि पॉलिप यांमुळे, आणि फोनवर दर विचारताना नेमके हेच राहून जाते. तपासणीत काही संशयास्पद दिसले तर तेथील तुकडा काढून पॅथॉलॉजी लॅबला पाठवतात. तुकडे आतड्याच्या निरनिराळ्या भागांतून घेतले असतील तर ते निरनिराळ्या बाटल्यांत ठेवावे लागतात आणि पुष्कळ लॅब बाटलीगणिक पैसे आकारतात. पॉलिप दिसला तर तो तारेच्या फासाने कापून काढतात. तो फास, आणि लागल्यास रक्त थांबवण्याची क्लिप, यांची किंमत वेगळी लागू शकते. तेव्हा ११,००० च्या ‘सगळे’मध्ये लॅबची फी येते का, लहान पॉलिप निघाल्यास तो त्याच वेळी काढतात का आणि त्याचे जास्तीत जास्त किती होतील, हे स्पष्ट विचारून घ्यावे. त्याच वेळी काढत नसतील तर पुन्हा पोट साफ करणे, पुन्हा भूल आणि पुन्हा रजा हे सर्व दुसऱ्यांदा करावे लागेल, आणि मग सुरुवातीचा कमी दर कमी राहत नाही. तपासणीपूर्वीचे रक्त, रक्त गोठण्याची चाचणी आणि ईसीजी यांचा खर्चही विचारावा. अलीकडे झालेल्या चाचण्यांचे रिपोर्ट सोबत असले तर त्या सहसा परत कराव्या लागत नाहीत.

एक प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण तो अवश्य विचारावा : पोट नीट साफ झाले नाही किंवा दुर्बीण शेवटपर्यंत गेली नाही, तर पुढच्या वेळी पूर्ण पैसे घेणार का? हे सारे एका कागदावर लिहून मागण्यात गैर काही नाही. महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांना २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे.

खिशातून पैसे भरण्याआधी यजमानांचे पगारपत्रक पाहा. कारखान्यात ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात होत असेल (मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असणाऱ्यांना ही योजना लागू होते), तर आधी ईएसआय दवाखान्यात डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून पुढील रुग्णालयासाठी संदर्भपत्र घ्यावे. संदर्भपत्राशिवाय परस्पर खासगीत केलेल्या तपासणीचे पैसे परत मिळवणे फार अवघड जाते. ईएसआय नसेल तर दुसरा पर्याय आपल्या सिव्हिलचा, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाचा. तेथे सर्जरी किंवा मेडिसिनच्या ओपीडीत केसपेपर काढून थेट डॉक्टरांनाच तपासणी आणि तारीख यांविषयी विचारावे. तारीख लांबची मिळाली तर हिमोग्लोबिनचा रिपोर्ट दाखवून लवकरची मागावी. तुमचे कारण तेवढे सबळ आहे. धर्मादाय रुग्णालयांतही विचारणा करता येते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असलेल्या निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंतच्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीत राखून ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. तेथील समाजसेवकाला उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन भेटावे.

पुण्याविषयी दिरांचे म्हणणे मायेपोटी आहे, पण या तपासणीसाठी पहिल्याच पायरीवर अडीचशे किलोमीटर जाण्याची गरज मला दिसत नाही. पोट साफ करण्याचे औषध हल्ली दोन भागांत देतात : अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या चार ते सहा तास आधी. पहाटे हे औषध पिऊन रेल्वेने किंवा एसटीने प्रवास करणे किती कठीण जाईल, हे तुम्हीच पाहा. म्हणजे पुण्यात आदल्या दिवसापासून मुक्काम आला, सोबत एक माणूस आला आणि दोघांचे दोन-तीन खाडे आले. शिवाय तपासणीनंतर पोटात तीव्र वेदना, ताप किंवा खूप रक्तस्राव झाला, तर ज्यांनी तपासणी केली त्यांच्याकडे तातडीने पोहोचता आले पाहिजे. असा त्रास क्वचितच होतो, पण पॉलिप काढल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत रक्तस्राव होण्याची शक्यता असते. पुणे किंवा हैदराबाद केव्हा? मोठा, पसरट पॉलिप निघाला, चिकटलेल्या आतड्यामुळे दुर्बीण पुढे गेली नाही किंवा लहान आतड्याची तपासणी करावी लागली, तर येथील डॉक्टर स्वतःच पाठवतील आणि तेव्हा येथील रिपोर्ट तेथे उपयोगी पडेल.

सोलापुरात पोटविकारतज्ज्ञांची स्वतःची केंद्रे आहेत आणि मोठ्या रुग्णालयांत एंडोस्कोपी विभागही आहेत. त्यांतून निवड करताना इमारतीपेक्षा तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना अधिक महत्त्व द्यावे. ते नियमितपणे कोलोनोस्कोपी करतात का, प्रत्येक रुग्णानंतर दुर्बिणीचे निर्जंतुकीकरण कसे करतात, आणि रिपोर्टमध्ये आतड्याच्या सुरुवातीच्या टोकाचा, म्हणजे अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो देतात का, हे विचारावे. तो फोटो म्हणजे दुर्बीण शेवटपर्यंत पोहोचल्याचा पुरावा. दुर्बीण बाहेर काढताना अस्तर सावकाश, निदान सहा मिनिटे पाहावे, असा मान्य निकष आहे. पोट कितपत साफ होते याची नोंदही रिपोर्टमध्ये असावी. या बाबतीत समाधान झाले तर ७,५०० चे केंद्र ११,००० च्या केंद्रापेक्षा कमी ठरत नाही.

पोट साफ होणे मात्र तुमच्या स्वयंपाकघरावर अवलंबून आहे. तपासणीपूर्वीचे दोन-तीन दिवस शेंगाचटणी, कोशिंबीर, पालेभाज्या, टोमॅटो आणि पेरू पूर्ण बंद ठेवावेत, ज्वारीच्या भाकरीऐवजी मऊ भात, वरणाचे पाणी आणि दही द्यावे. रक्त कमी आहे म्हणून घरोघरी डाळिंब खाऊ घालतात, पण त्याचे दाणे आतड्यात राहतात आणि रसाचा लाल रंग रक्तासारखा भासतो, म्हणून तेही टाळावे. आदल्या दिवशी डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे नारळपाणी, गाळलेले लिंबूसरबत, बिनदुधाचा चहा. लोहाच्या गोळ्यांमुळे मळ काळा आणि चिकट होतो, त्यामुळे त्या सहसा पाच ते सात दिवस आधी थांबवतात. डॉक्टरांना त्याची आठवण करून द्या. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास पोट साफ करण्याचे औषध देण्याआधीच तो सांगावा. शेवटी शौचास पिवळसर, नितळ पाणी होऊ लागले की पोट साफ झाले असे समजावे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा तारीख घेताना पाण्याचा दिवस पाहून घ्यावा आणि घरात पुरेसा साठा ठेवावा. त्या रात्री पाच-दहा वेळा शौचाला जावे लागणार आहे. भूल दिल्यावर त्या दिवशी गाडी चालवायची नसते, म्हणून सोबत कोणीतरी असावे.

प्रश्न : माझे वय ४१ असून मला कोणताही त्रास नाही. माझ्या थोरल्या भावाला ४७ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला आणि त्यांच्यावर उपचार चालू आहेत. त्यांच्या डॉक्टरांनी मलाही कोलोनोस्कोपी सुचवली आहे. माझा आरोग्यविमा आहे, पण कंपनी म्हणते की नुसत्या तपासणीचे पैसे मिळणार नाहीत. थांबलो तर चालेल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : थांबू नये. सख्ख्या भावाला किंवा आई-वडिलांना हा आजार झाला असेल तर वयाच्या ४० व्या वर्षी, किंवा त्यांचे निदान ज्या वयात झाले त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा पहिली तपासणी करावी असा संकेत आहे. तुमच्या बाबतीत ते वय ३७ होते. काही निघाले नाही तरी दर पाच वर्षांनी ती पुन्हा करावी लागेल. तुमच्या इतर भावंडांनाही हेच लागू आहे, बहिणींनाही. निदान पन्नाशीच्या आत झालेले असल्यामुळे घराण्यात आणखी कोणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला होता का, याची माहिती वडीलधाऱ्यांकडून घेऊन डॉक्टरांना द्यावी.

विमा कंपनीचे म्हणणे पॉलिसीला धरून आहे; केवळ तपासणीसाठी भरती होण्याचा खर्च सर्वसाधारण पॉलिसीतून वगळलेला असतो. काही जण यावर खोटे लक्षण लिहून भरती होण्याचा सल्ला देतील, तो मानू नका. दावा तर नाकारला जाईलच, शिवाय ती नोंद पुढील प्रत्येक दाव्याला आडवी येईल. परंतु तपासणीत पॉलिप काढला गेला तर तो उपचार ठरतो आणि अनेक पॉलिसींत डे-केअरमध्ये, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडण्याच्या उपचारांत, मोडतो, म्हणून आपली पॉलिसी कॅशलेस कोठे स्वीकारतात ते पाहून तसेच केंद्र निवडावे आणि कंपनीला आधी कळवून ठेवावे. जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरत असाल तर आरोग्यविम्यावरील वजावटीच्या एकूण मर्यादेत प्रतिबंधक तपासणीसाठी ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. पावती जपून ठेवा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना ही ठरावीक उपचारांसाठी आहे. दुर्दैवाने काही निघालेच तर अंगीकृत, म्हणजे या योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन भेटावे किंवा १५५३८८ या क्रमांकावर चौकशी करावी. तपासणीला जाताना भावाचा पॅथॉलॉजी रिपोर्ट सोबत न्या, आणि बार्शीत त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच तुमच्यासाठी चिठ्ठी लिहून घ्या.