वाचकांचे प्रश्न : पाण्याला कुंपण नसते, तरीही

प्रश्न : प्रवाळभित्तीच्या काही भागात मासेमारीला बंदी घातली, तरी आतले मासे पोहत बाहेर येऊन पकडले जाणारच. शिवाय पाणी तापले की प्रवाळ मरतातच. मग संरक्षित सागरी क्षेत्रांचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : होतो, आणि आपण ज्याला त्रुटी म्हणता ते माशांचे बाहेर येणे हाच त्यातला मोठा लाभ आहे. भित्तीवरचे पुष्कळ मासे फार भटकत नाहीत. हेकरू तर एकाच कपारीच्या आसपास दीर्घकाळ राहतो, त्यामुळे लहान क्षेत्रातही त्याला वाढायला अवधी मिळतो. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट होते, आणि मादीच्या पोटातली गाभोळी त्याच हिशेबाने, किंबहुना जास्तच, वाढते. या अंड्यांतून निघालेली पिल्ले प्रवाहाबरोबर वाहत जाऊन बंदी नसलेल्या भागातही वस्ती करतात.

फिलिपिन्समधील सुमिलोन बेटावर याची जणू उलटी परीक्षाच झाली. तेथे 1974 पासून भित्तीचा सुमारे एक चतुर्थांश भाग राखीव होता. 1984 मध्ये ते संरक्षण मोडले आणि मासेमारीला जास्त जागा मिळाली, तरी बेटावरची एकूण पकड वाढण्याऐवजी घटली.

तापत्या पाण्याबाबत मात्र आपली शंका रास्त आहे. ऑस्ट्रेलियाने 2004 मध्ये ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानाचा सुमारे 33 टक्के भाग मासेमारीसाठी बंद केला. पण 2016 च्या उष्णतेत बंद भागातले प्रवाळही खुल्या भागांतल्यासारखेच पांढरे पडले. माशांचे काम त्यानंतर सुरू होते. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ माजले, तर नव्या प्रवाळाच्या अळ्यांना चिकटायला जागा उरत नाही. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी ते खरवडतो (पाणबुड्यांना त्याची करकर स्पष्ट ऐकू येते) आणि गिळलेला चुनखडक पांढरी वाळू होऊन त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो. म्हणूनच बेलीझ देशाने 2009 मध्ये पोपटमासे पकडण्यास संपूर्ण देशात बंदी घातली.

अर्थात नकाशावर रेघ ओढून यातले काहीच साधत नाही. फिलिपिन्समधल्याच अपो बेटाचे छोटे राखीव क्षेत्र टिकले, कारण त्यावर पहारा ठेवणारे लोक शेजारच्या पाण्यात जाळी टाकणारे मच्छीमारच होते.