गुण्यात आखणी

घराची आखणी शिकतोयस तर आधी हे पक्कं धर: ओळंब्यात असणं वेगळं आणि गुण्यात असणं वेगळं. ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, भिंत सरळ उभी आहे का ते सांगतो. दोन भिंती एकमेकींशी ९० अंशांत, म्हणजे काटकोनात आहेत का, ते गुण्याचं काम.

पण हातातला लोखंडी गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, पायाच्या आखणीला पुरत नाही. कोन एक अंशानं चुकला तर ३० फुटांवर सव्वासहा इंच फरक पडतो, आणि तो फरशी बसवताना उघडा पडतो. म्हणून दोरीवर ३-४-५ लाव (त्रिकोणाच्या बाजू या प्रमाणात असल्या की ३ आणि ४ मधला कोन काटकोन), तेही मोठ्या मापात. कोपऱ्याच्या खिळ्यापासून एका दोरीवर ९ फुटांवर खूण, दुसरीवर १२ वर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर १५ भरलं पाहिजे. जास्त भरलं तर कोन फाकलाय, कमी तर मिटलाय. पहिली दोरी हलवू नको, दुसरीच सरकव.

मग दोन्ही कर्ण मोज. ३० बाय ४० ला ५० फूट. नुसते कर्ण जुळले म्हणून खूश होऊ नको; समोरासमोरच्या बाजूही सारख्या हव्यात.

साताऱ्याकडे उताराची जागा असली तर टेप जमिनीवर टाकू नको, आडवा ताणून टोकाला ओळंबा सोड. सांगलीच्या काळ्या मातीत पावसानंतर खुंट्या ढिल्या होतात, कर्ण परत मोजल्याशिवाय खोदाई नको.

गुण्याही तपास. सरळ कडेला लावून रेघ मार, उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मार. रेघा फाकल्या तर त्या फटीच्या निम्मी चूक गुण्याची.