चुंबक चिकटला नाही म्हणून टायटॅनियम?

प्रश्न : नमस्कार काका. मी मूळचा सांगलीचा, सध्या कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला असतो. इथे एका घरासमोरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत रेसिंग सायकलची नुसती फ्रेम 60 डॉलरला मिळाली. पुढचं चाक धरणारा चिमटा नाही. कुणीतरी तिच्यावर स्प्रेने काळा रंग मारलाय, तो खरवडला तर आत करडा धातू दिसतो. चुंबक चिकटत नाही. विकणारा म्हणाला, टायटॅनियम आहे, सत्तरच्या दशकातली टेलेडाइन कंपनीची आहे. खरं असेल का? डिसेंबरमध्ये येताना पुण्याला आणून चालवायचा विचार आहे.

उत्तर : चुंबकाने एवढंच कळलं की ती साधी पोलादी नाही. ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही, आणि काळ्या रंगाखाली दोन्ही करडेच दिसतात. म्हणून पत्र मिळाल्यावर मी या वाचकाला फोन करून आर्किमिडीजचं काम करायला लावलं. बॅगा तोलायच्या डिजिटल काट्याला फ्रेम टांगायची, वजन बघायचं, मग पाण्याने भरलेल्या पिंपात पूर्ण बुडवून पुन्हा बघायचं. हवेत 1640 ग्रॅम भरली, पाण्यात 1270. घट 370 ग्रॅमची. 1640 ला 370 ने भागा, 4.43 येतात. टायटॅनियमची घनता साडेचारच्या आसपास असते. हीच फ्रेम ॲल्युमिनियमची असती तर पाण्यात सहाशे ग्रॅमने हलकी झाली असती आणि पोलादी असती तर जेमतेम दोनशेने. एक काळजी मात्र घ्यायची. फ्रेम पाण्यात उलटीसुलटी करून नळ्यांतली हवा पूर्ण काढायची. बुडबुडे आत राहिले की टायटॅनियमसुद्धा ॲल्युमिनियमसारखं वागायला लागतं. घरी कुणी करून बघणार असेल तर पेडलच्या एक्सलचे कप आणि हँडलचे कप आधी काढा, ते पोलादी असतात.

तर धातू टायटॅनियमच. विकणारा तेवढं खरं बोलला.

आता टेलेडाइन. टेलेडाइन टायटन ही सायकल सत्तरच्या दशकाच्या मध्यात कॅलिफोर्नियातच, गार्डिना इथे बनत होती, त्यामुळे तिकडच्या माणसाच्या तोंडी ते नाव येणं साहजिक आहे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या स्पीडवेल कंपनीची टायटलाइट होती. 1973 ची टूर द फ्रान्स शर्यत जिंकताना स्पेनचा लुईस ओकान्या काही टप्प्यांत स्पीडवेलच्याच टायटॅनियम फ्रेमवर होता. पण टेलेडाइनच्या नळ्या शुद्ध टायटॅनियमच्या होत्या, मिश्रधातूच्या नव्हेत. शुद्ध टायटॅनियम गंजत नाही, रसायनांना दाद देत नाही, पण सायकलला लागते तेवढी ताकद त्यात नसते. वर टायटॅनियमचा ताठपणा पोलादाच्या साधारण निम्माच. पोलादी सायकलच्या मापाची नळी घेतली तर फ्रेम लवलवते, म्हणून नळी जाड व्यासाची घ्यावी लागते. टेलेडाइनवाल्यांनी तसं केलंही होतं. तरी जोडांपाशी तडे जाणाऱ्या फ्रेम म्हणून त्यांची आठवण काढली जाते.

तुमची टेलेडाइन नाही. मागच्या चाकाच्या खाचांमधलं अंतर तुम्ही 126 मिलिमीटर कळवलंय, माझी भिस्त त्याच्यावर आहे. सत्तरच्या दशकात मागे पाच दातेरी चकत्यांचं फ्रीव्हील असायचं आणि अंतर 120 असायचं. 126 आलं सहा-सात चकत्यांबरोबर. ऐंशीचं दशक संपता संपता आठ चकत्या आल्या आणि अंतर हळूहळू 130 झालं. तुमच्या फ्रेमवर खालच्या तिरक्या नळीला गिअरच्या खिट्ट्यांसाठी दोन बोंडं आहेत, पुढची नळी जुन्या एक इंची मापाची आहे, पेडलचं नळकांडं 68 मिलिमीटर रुंद आहे आणि चेनच्या बाजूचे आटे उलटे आहेत. म्हणजे इंग्लिश आटे. इटालियन असती तर रुंदी 70 आणि दोन्ही बाजूंचे आटे सुलटे असते. हे सगळं जुळवलं की 1987 ते 1991 एवढाच पट्टा उरतो, आणि त्या काळात अशी जोडकाम केलेली फ्रेम म्हटली की डोळ्यांसमोर अमेरिकाच येते. मॅसॅच्युसेट्समध्ये मर्लिन ही कंपनी नुकतीच उभी राहिली होती. टेनेसीत लिन्स्की कुटुंबाच्या मशिन शॉपमधून लाइटस्पीड निघाली होती. या मंडळींनी विमानांच्या हायड्रॉलिक नळ्यांचा मिश्रधातू उचलला : 3 टक्के ॲल्युमिनियम, अडीच टक्के व्हॅनेडियम, बाकी टायटॅनियम. आम्ही त्याला सरळ ‘तीन-अडीच’ म्हणायचो. चाकाच्या खाचांच्या पट्ट्या बहुधा ‘सहा-चार’च्या, म्हणजे 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियमच्या असत, तो आणखी कडक.

नावाच्या स्टिकरचं दुःख करू नका. लाइटस्पीडने बेल्जियमचा नामांकित सायकलपटू एडी मर्क्सच्या नावानेही फ्रेम बनवून दिल्या आहेत, आणि वॉशिंग्टन राज्यात केनेविकला सँडविक कंपनी नळ्या तर बनवायचीच, दुसऱ्यांच्या नावाच्या फ्रेमसुद्धा. स्टिकर असतं तरी मी तेवढ्यावर विश्वास ठेवला नसता. पेडलच्या नळकांड्याच्या तळाशी आणि मागच्या खाचेच्या आतल्या अंगाला रंग हळूच काढून बघा, नंबर ठोकलेला असेल तर तिथेच.

मला खरं बघायचंय ते वेल्डिंग. मी बत्तीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात केमिकल प्लांटचे हीट एक्स्चेंजर वेल्ड केले, त्यात टायटॅनियम पुष्कळ. हा धातू तापला की हवेतला ऑक्सिजन पितो आणि पुरता ठिसूळ होतो. म्हणून टिग वेल्डिंग करताना बाहेरून आर्गॉनचं पांघरूण तर द्यायचंच, पण नळीच्या आतही आर्गॉन भरून ठेवायचा. सायकलच्या फ्रेममध्ये एका नळीतून दुसरीत गॅस जावा म्हणून जोडाच्या आड बारीक भोकं पाडतात. नवशिका असताना मी एकदा आतला गॅस लावायला विसरलो. बाहेरून बीड, म्हणजे वेल्डची ओळ, अशी चकचकीत आली की मीच खूश. उस्तादांनी काही न बोलता तुकडा व्हाइसमध्ये धरला आणि हातोडीचा एकच ठोका दिला. काचेसारखा गेला. आतून पांढरी भुकटी होती. त्यानंतर महिनाभर मला फक्त नळ्या पुसायचं काम होतं.

तेव्हा बाहेरून दिसणारी बीड, ती कलंडलेल्या नाण्यांच्या चळतीसारखी कितीही देखणी असली, तरी तिच्यावर भाळू नका. बाहेरचा डाग ब्रशने घासून काढता येतो, आत ब्रश पोचत नाही. पेडलच्या नळकांड्यात आणि सीटच्या नळीत टॉर्च मारा. चंदेरी असेल तर उत्तम, फिकट पिवळट असेल तरी चालेल. निळं-जांभळं दिसलं तर मन साशंक ठेवा. करडं-पांढरं भुरभुरीत दिसलं तर ती फ्रेम भिंतीला टांगा, तिच्यावर बसू नका.

तडे शोधायला डाय पेनिट्रंटचे स्प्रे मिळतात : आधी लाल, मग पुसून पांढरा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पेडलच्या नळकांड्याभोवतीचे सगळे जोड, चेनकडच्या मागच्या नळीची आतली बाजू आणि बाटलीच्या स्क्रूंभोवती नीट बघा. काळा रंग आधी पूर्ण उतरवावा लागेल. शेवटची पुसणी ॲसिटोनने करा, क्लोरीनवाले क्लीनर टायटॅनियमला लावू नका.

प्रश्न : (याच वाचकाचा) तडा निघालाच तर पुण्यात वेल्ड करून मिळेल का?

उत्तर : ग्रिल-गेटवाल्याकडे अजिबात नाही, तो कितीही ओळखीचा असला तरी. टायटॅनियमची भांडी किंवा एक्स्चेंजर बनवणाऱ्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये विचारा, आणि पहिला प्रश्न हाच करा की आतून आर्गॉन कसा देणार. उत्तर द्यायला माणूस अडखळला तर फ्रेम उचलून बाहेर पडा.

सीटचा दांडा किंवा पेडलचे कप बसवताना अँटी-सीझ ग्रीस भरपूर लावा. टायटॅनियमचे आटे एकमेकांना चावतात, आणि ॲल्युमिनियमचा दांडा आत कायमचा बसतो. टॉर्च मारून आतला फोटो काढलात की पाठवा. डिसेंबरच्या आत बघून कळवतो.