‘पीए’ व्हायचं की सिस्टर?

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मुलीची खानापुरात पीयूसी (बारावी) झाली, नीटच्या मार्कांवर एमबीबीएस मिळणार नाही हे घरात सगळ्यांनी मान्य केलंय. बेळगावच्या एका एजंटानं सांगितलं, ‘बीएस्सी फिजिशियन असिस्टंट (पीए) करा, अमेरिकेत जवळजवळ डॉक्टरच.’ तिची आत्या स्टाफ नर्स. ती म्हणते, नर्सिंग घ्या, पुढं नर्स प्रॅक्टिशनर होता येतं. आणि तुमचा प्रश्न, या दोघांत मोठं कोण?

मोठं-लहान सोडा. दोघी कुठल्या वाटेनं येतात ते बघा. नर्स प्रॅक्टिशनर ही आधी नर्स असते आणि नंतर जादा शिकून तपासणं, निदान, औषधोपचार यांत उतरते. फिजिशियन असिस्टंट सुरुवातीपासून डॉक्टरी पद्धतीनं शिकतो, पण डॉक्टरच्या हाताखालचा माणूस म्हणून. अमेरिकेत दोन्ही गोष्टी 1965 सालीच सुरू झाल्या. कोलोरॅडो विद्यापीठात नर्सेसना लहान मुलांच्या तपासणीचं शिक्षण देऊ लागले, तर ड्यूक विद्यापीठात नौदलातून परतलेल्या वैद्यकीय मदतनिसांना घेऊन पीएची पहिली तुकडी बसली. आज तिथल्या निम्म्याहून जास्त राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरच्या देखरेखीशिवाय रुग्ण बघू शकते. पीएला बहुतेक ठिकाणी डॉक्टरशी बांधून घ्यावं लागतं, पण तो आज ऑर्थो, उद्या सर्जरी असा विभाग सहज बदलू शकतो. नर्स प्रॅक्टिशनरनं एकदा बालरोग किंवा मनोविकार असा गट निवडला की दुसरीकडे जायला पुन्हा शिकावं लागतं.

हे झालं तिकडचं. इकडं चित्र वेगळं आहे. (आपल्याकडं ‘पीए’ म्हटलं की लोकांना आमदारांचा पीएच आठवतो, त्याची तयारी ठेवा.) भारतात पीएचं शिक्षण चेन्नईत 1992 साली हृदयशस्त्रक्रियेच्या गरजेतून सुरू झालं. बायपासच्या वेळी पायातली शीर काढून देणारा हात बऱ्याचदा पीएचा असतो. ऑपरेशनआधी रुग्णाची माहिती घेणं, राउंडच्या नोंदी, डिस्चार्ज समरी, हेही त्याच्याकडंच. काम खरंच चांगलं आहे. पण नोकऱ्या मुख्यतः बेंगळुरू, चेन्नईसारख्या शहरांतल्या मोठ्या खासगी हॉस्पिटलांत. 2021 च्या केंद्रीय कायद्यानं या व्यवसायाला आता कुठं नाव आणि नोंदणीची सोय दिली.

नर्सिंगचं बस्तान जुनं. चार वर्षांची बीएस्सी, मग राज्याच्या नर्सिंग परिषदेची नोंदणी. त्यानंतर किमान एक वर्ष वॉर्डात काम केलं की ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. आयसीयूत व्हेंटिलेटर, रक्तातल्या वायूंची तपासणी, बीपी घसरल्यावर ठरलेल्या नियमावलीप्रमाणे लगेच करायचे उपचार, असलं काम. मात्र स्वतंत्र दवाखाना टाकून औषधं लिहून द्यायची मुभा आपल्याकडं दोघींपैकी कुणालाच नाही. असं कुणी म्हणत असेल तर तिथून उठा.

आता अमेरिकेचं. पीएची तिथली परीक्षा फक्त तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजातून पीए झालेल्यांनाच देता येते. म्हणजे आपली बीएस्सी घेऊन गेलं तरी पुन्हा पहिल्यापासून शिकायचं, तेही डॉलरमध्ये. बीएस्सी नर्सिंगवर मात्र कागदपत्रांची छाननी झाली की एनक्लेक्स ही तिथली नर्सच्या परवान्याची परीक्षा देता येते. पुढं इंग्रजी, व्हिसा, वाट बघणं हे सगळं आहेच, पण वाट आहे. नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण त्यानंतरचं. एजंटानं हे सांगितलं नाही, याचं मला नवल वाटत नाही.

माझं मत आत्याच्या बाजूचं. तुम्ही लिहिलंय, ‘नर्स म्हणजे बेडपॅनच की हो.’ पहिली वर्षं ते आहे, खोटं कशाला सांगू? पण अपवाद एक. पोरीला ऑपरेशन थिएटरचंच वेड असेल, परदेश डोक्यात नसेल आणि घर सोडून मोठ्या शहरात राहायची तयारी असेल, तर पीए खुशाल करू दे.

आणखी एक. ती दहावीपर्यंत मराठी शाळेत होती म्हणता, तर कन्नड बोलणं आत्ताच पक्कं करून घ्या. बेळगावच्या वॉर्डात एका खाटेवर अथणीची कन्नड आजी असते, शेजारी चंदगडचे मराठी आजोबा. दोघांशी बोलणारी सिस्टर सगळ्यांना हवी असते. सरकारी नोकरीलाही कन्नड लागतंच.

फी भरण्याआधी दोन गोष्टी करा. आत्याला विचारून मुलीला एकदा तिची नाईट ड्यूटी कशी असते ते जवळून बघू द्या. आणि एजंटाला म्हणावं, ‘या डिग्रीवर अमेरिकेतली पीएची परीक्षा देता येते’ एवढं एक वाक्य लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. काय म्हणतो ते मला कळवा.